आगाशी ते शिआन : शरदातील एका सहलीचा हिशेब

२६ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री कोलकात्याहून इंडिगोचे एक विमान चीनमधील ग्वांगझौकडे झेपावले आणि भारत व चीन यांच्यातील थेट हवाई वाहतूक पाच वर्षांहून अधिक काळाच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली. त्यापाठोपाठ ९ नोव्हेंबरला शांघाय–दिल्ली आणि १० नोव्हेंबरला दिल्ली–ग्वांगझौ या सेवांची भर पडली. एअर इंडियाने १ फेब्रुवारी २०२६ पासून दिल्ली–शांघाय उड्डाणांची घोषणा केली आणि पुढे मुंबईही शांघायशी जोडण्याचा मानस बोलून दाखविला. परराष्ट्र व्यवहाराच्या भाषेत याला संबंधांचे सामान्यीकरण म्हणतात. परंतु हे सामान्यीकरण सामान्य माणसापर्यंत कितपत पोहोचले, हे शिखर परिषदांच्या संयुक्त निवेदनांतून कळत नाही. ते कळते एखाद्या साध्या बेताच्या तपशिलांतून. वसई-विरार पट्ट्यातील आगाशीचे एखादे निवृत्त दांपत्य शरदाच्या आरंभी शिआन पाहून यावे असे ठरवते, तेव्हा त्याच्यापुढे कागदाच्या ज्या याद्या पडतात, त्यांत दोन देशांच्या गेल्या काही वर्षांतील व्यवहाराचा सगळा इतिहास उमटलेला असतो.

हा इतिहास थोडक्यात असा. २०२० च्या आरंभी करोनामुळे विमाने थांबली आणि त्याच वर्षी १५ जूनला गलवान खोऱ्यात रक्त सांडले. साथीचे निमित्त संपले तरी विमाने परत आली नाहीत. चीनमध्ये शिकणारे सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी, त्यांतील बहुतेक वैद्यकीय शाखेचे, दोन वर्षांहून अधिक काळ आपापल्या घरी संगणकाच्या पडद्यासमोर बसून राहिले. चीनने २०२३ मध्ये पर्यटकांसाठी दारे उघडली. भारताने चिनी पर्यटकांना व्हिसा देणे पुन्हा सुरू केले ते २४ जुलै २०२५ पासून. मधल्या काळात ऑक्टोबर २०२४ मध्ये कझान येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि अध्यक्ष शी जिनपिंग यांची भेट झाली, २०२५ च्या उन्हाळ्यात कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा निघाली आणि ऑगस्टच्या अखेरीस मोदी तियानजिनला जाऊन आले.

या सबंध काळात एक गोष्ट मात्र थांबली नव्हती, ती म्हणजे मालाची ये-जा. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारताची चीनबरोबरची व्यापारतूट ९९ अब्ज डॉलरच्या वर गेली. विरारच्या बाजारातील विजेच्या माळा, मोबाइलचे सुटे भाग, औषध कारखान्यांना लागणारा कच्चा माल, सौरपट्ट्या हे सारे येतच राहिले. ज्या देशाच्या वस्तूंवाचून दिवस सरत नाही, त्या देशाविषयीचे आपले ज्ञान मात्र या काळात दूरचित्रवाणीवरील चर्चा आणि भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या चित्रफिती यांच्यापुरते उरले. चीनमध्ये राहून वार्तांकन करणारे भारतीय पत्रकारही २०२३ मध्ये जवळजवळ संपले, कारण दोन्ही देशांनी एकमेकांच्या वार्ताहरांचे व्हिसा रोखले. तेव्हा शिआनला जाऊन दहा दिवस डोळे उघडे ठेवून फिरून आलेला एखादा निवृत्त शिक्षक आज जे सांगू शकतो, ते सांगणारी माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत. सहलीचा बेत हा म्हणूनच केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही.

आगाशीच का, असा प्रश्न कोणी विचारील. विरार स्थानकातून अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे जाताना लागणारे हे गाव शहरी वाचकाला ठाऊक असते ते फार तर केळीच्या बागांमुळे आणि सुकेळ्यांमुळे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र ते जहाजबांधणीसाठी नावाजलेले बंदर होते, आणि म्हणूनच १५३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते लागोपाठ दोनदा लुटले व जाळले. येथील मुनिसुव्रतस्वामींच्या जैन मंदिराशी मुंबईचे धनिक व्यापारी मोतीशा शेठ यांचे नाव जोडले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील या शेठजींची जहाजे चीनला जात, आणि त्या काळात मुंबईहून चीनला जाणाऱ्या मालात कापसाबरोबर माळव्याच्या अफूचाही मोठा वाटा असे. हा सारा व्यापार ज्या एका बंदरात उतरे, त्याला तेव्हा कँटन म्हणत. तेच आजचे ग्वांगझौ. म्हणजे पाच वर्षांनी विमान जेथे उतरले ती जागा मुंबईच्या संपत्तीला अनोळखी नव्हे. त्या अफूवरून १८३९ ते १८४२ असे युद्ध झाले, आणि चिनी शाळांतील पुस्तके आपल्या देशाच्या मानहानीचे शतक तेथूनच मोजतात. मुंबईतील कित्येक धर्मशाळा, रुग्णालये आणि देवालये त्याच नफ्यातून उभी राहिली, हे आपल्या पाठ्यपुस्तकात मात्र सहसा नसते. प्रवाशाने एवढे तरी सामानात बरोबर न्यावे.

आणि शिआनच का, याचे उत्तर आगाशीपासून काही किलोमीटरवरच्या सोपाऱ्यात आहे. प्राचीन शूर्पारक ते हेच. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी टेकडी खणली, तेव्हा आत स्तूप निघाला आणि स्तूपाच्या पोटात दगडी पेटी. तीत बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे, बुद्धांच्या कांस्यमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे मिळाले. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्याचाच. सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याने बुद्धाची दीक्षा घेतल्याची कथा ‘दिव्यावदाना’त आहे. समुद्रमार्गे फिरणारे व्यापारी आणि त्यांच्या मागोमाग चालणारे भिक्षू यांनी जो धर्म पसरविला, तो मध्य आशियाच्या वाळवंटातून ज्या शहरात पोहोचला आणि चिनी भाषेत उतरला, ते शहर म्हणजे तांग राजवंशाची राजधानी चांगआन. आजचे शिआन तेच.

याच शहरातून ह्युएन त्संग निघाला आणि याच शहरात तो ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला. वाटेत तो महाराष्ट्रात, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला होता. येथील माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा आशयाचे त्याचे निरीक्षण मराठी माणसाने कौतुकाने जपले आहे. (त्यातील दुसऱ्या भागाचे कौतुक जरा जास्तच झाले, हे वेगळे.) महाराष्ट्रानंतर त्याच्या वृत्तांतात भडोच येते. सोपाऱ्याचे नाव त्यात नाही. त्याने आणलेले ग्रंथ ठेवण्यासाठी ६५२ मध्ये जो मनोरा उभारला गेला, तो ‘मोठा रानहंस मनोरा’ आज सात मजल्यांचा आणि सुमारे ६४ मीटर उंचीचा असून २०१४ मध्ये रेशीम मार्गाचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेला आहे. महाराष्ट्राविषयीचे सर्वांत जुने परदेशी शब्दचित्र ज्याने लिहिले, त्याने आपल्या आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे भाषांतरात घालविली ती या मनोऱ्याच्या परिसरातील विहारात. मे २०१५ मध्ये शी जिनपिंग यांनी मोदींचे स्वागत बीजिंगऐवजी शिआनमध्ये केले, त्यालाही हाच संदर्भ होता.

त्याच दौऱ्यात औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, आणि गान्सू प्रांतातील दुनहुआंग या शहरांमध्ये भगिनी-शहरांचा करार झाला. एकीकडे अजिंठा, दुसरीकडे मोगाव लेणी, अशी ती जोडी. कल्पना अतिशय उचित होती. पण पाच वर्षांत विमाने बंद झाली आणि करार कागदावर राहिला. ज्याच्या हाती दोन आठवडे आहेत त्याने शिआनहून पुढे दुनहुआंग जरूर गाठावे. ज्याच्या हाती आठच दिवस आहेत त्याने मात्र तो मोह आवरलेला बरा.

आता प्रत्यक्ष बेत. त्यात सर्वांत अवघड प्रश्न पैशाचा नसून तारखेचा आहे, आणि तो सोडविण्यासाठी एक नव्हे तर दोन पंचांगे उघडावी लागतात.

शिआनचा शरद ऋतू फार सुंदर, असे प्रवासी संस्थांची पत्रके सांगतात. ते अर्धसत्य आहे. सप्टेंबरात तेथील कमाल तापमान पंचवीस अंशांच्या आसपास असते, हवा सुखद असते, पण तो महिना तेथील वर्षातील सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक आहे. पश्चिम चीनमध्ये शरदाच्या तोंडाशी दिवसचे दिवस रिपरिप चालते. आगाशीच्या आषाढ-श्रावणापुढे तो पाऊस म्हणजे शिंतोडेच. परंतु आगाशीत चार महिने छत्री धरून कंटाळलेल्या माणसाने पुन्हा छत्री धरण्यासाठी चीनला का जावे, हा प्रश्न उरतो. नगरकोटाच्या माथ्यावरून सायकलवर १३.७ किलोमीटरची फेरी मारण्याची हौस असेल, तर ओल्या दिवसांत ती फिटत नाही. ऑक्टोबरात पाऊस ओसरतो आणि पारा वीस अंशांजवळ येतो. आपल्याकडे तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा असतो, म्हणून तेथील थंडी अंगाला गोड लागते.

पण ऑक्टोबरचा आरंभ टाळणे भाग आहे. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन, आणि १ ते ७ ऑक्टोबर हा सबंध देशाच्या सुटीचा आठवडा. २०२५ मध्ये मध्य-शरदाचा सण त्याला लागून आल्याने ही सुटी आठ दिवसांची झाली आणि त्या आठ दिवसांत देशांतर्गत प्रवासाच्या ८८ कोटी ८० लाख फेऱ्या झाल्याचे चीन सरकारने जाहीर केले. कुंभमेळ्याची सवय असलेल्या देशालाही हा आकडा क्षणभर थबकवतो. शिआन हे या गर्दीचे लाडके ठिकाण. मातीच्या सैनिकांचे संग्रहालय असो, मनोरा असो की घंटाघर, त्या आठवड्यात माणसांच्या डोक्यांखेरीज काही दिसत नाही. खोल्यांचे भाव चढतात ते निराळेच. आगगाडीची तिकिटे पंधरा दिवस आधी खुली होतात आणि पाहता पाहता संपतात.

मध्य-शरदाचा सण म्हणजे चिनी आठव्या महिन्यातील पौर्णिमा, चंद्र पाहण्याची आणि चंद्राच्या आकाराची मिठाई वाटण्याची रात्र. मराठी माणसाला ती कोजागरीची सख्खी बहीण वाटावी. २०२५ मध्ये तर ६ ऑक्टोबरच्या एकाच रात्री दोन्ही आल्या होत्या, कारण त्या वर्षी चिनी पंचांगात अधिक महिना होता आणि आपल्याकडे नव्हता. २०२६ मध्ये अधिक महिना आपल्याकडे आहे, त्यामुळे चित्र पालटते. मध्य-शरद २५ सप्टेंबरला, आणि अनंत चतुर्दशीही त्याच दिवशी. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. म्हणजे आगाशीच्या ज्या घरात गणपती बसतो, त्या घराला १४ ते २५ सप्टेंबर हा काळ गेला. तेथून राष्ट्रीय सुटीपर्यंत उरतात जेमतेम पाच दिवस. त्यांत जाऊन परतणे अशक्य, आणि गेल्यास परतीचा प्रवास गर्दीत. सुटी ७ ऑक्टोबरला संपते आणि ११ ला घटस्थापना. अर्थात ज्यांच्याकडे घट बसत नाहीत त्यांच्यासाठी ऑक्टोबरचा दुसरा व तिसरा आठवडा हाच सर्वांत उत्तम. पाऊस सरलेला, गर्दी पांगलेली, आणि शिआनजवळच्या लिनतोंगची प्रसिद्ध डाळिंबे रस्त्याच्या कडेला टोपल्यांत रचलेली. ज्यांना घट सोडवत नाहीत त्यांनी सप्टेंबरचा पहिला आठवडा घ्यावा आणि रेनकोट बरोबर ठेवावा. शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांना मात्र या दोन्ही खिडक्या बंद आहेत. प्रथम सत्र परीक्षा आडव्या येतात. त्यांची सुटी दिवाळीची, आणि २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. तोवर शिआनमध्ये रात्री चांगल्याच थंड झालेल्या असतात. त्याची भरपाई म्हणून नोव्हेंबरच्या मध्यानंतर शहराबाहेरील कुआनयिन मंदिरातील पुरातन गिंको वृक्ष पिवळ्याधमक पानांनी भरून जातो. पण त्यासाठी स्वेटर आणि कानटोपी लागते, आणि कोकण किनाऱ्यावरच्या घरात ती सहसा नसते.

तारीख ठरली की व्हिसा. येथे चित्र पूर्वीपेक्षा निश्चितच सुसह्य झाले आहे. २०२५ च्या पहिल्या शंभरच दिवसांत चीनने भारतीयांना ८५ हजारांहून अधिक व्हिसा दिल्याचे त्या देशाच्या दूतावासाने सांगितले होते. शुल्क कमी झाले, आगाऊ वेळ घेण्याची अट शिथिल झाली, अल्प मुक्कामासाठी बोटांचे ठसे माफ झाले. अर्ज मुंबईतील केंद्रात देता येतो, दिल्लीची वारी पडत नाही. पण याच काळात चीनने युरोप, आग्नेय आशिया, आखात आणि दक्षिण अमेरिकेतील डझनावारी देशांच्या नागरिकांना व्हिसामाफी दिली. तसेच ५५ देशांच्या नागरिकांना तिसऱ्या देशात जाताना २४० तास राहण्याची मुभा दिली. २०२५ अखेरच्या या दोन्ही याद्यांत भारत नव्हता. आणि हा हात आखडता एकाच बाजूने आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, कारण चिनी पर्यटकांना पाच वर्षे दार लावून ठेवणारा देश आपलाच होता.

मार्गाचा प्रश्न त्याहून किचकट आहे. २०२५ मध्ये सुरू झालेल्या तीनही थेट सेवा कोलकाता आणि दिल्लीच्या. मुंबईकराला एकतर देशातच पूर्वेकडे वा उत्तरेकडे जाऊन विमान बदलावे लागते, किंवा हाँगकाँग, बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर यांपैकी कोठेतरी उतरून पुढे जावे लागते. विरारहून अंधेरीपर्यंत लोकलने सकाळच्या गर्दीत बॅगा घेऊन जाण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना या प्रवासाचा पहिला टप्पाच सर्वांत खडतर वाटेल, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. ग्वांगझौ हाच दरवाजा निवडला तर तेथून शिआन विमानाने तीन तासांच्या आत. बीजिंगमार्गे गेल्यास सुमारे बाराशे किलोमीटरचे अंतर वेगवान आगगाडी पाच तासांच्या आसपास कापते. ज्याने मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे खांब विरारच्या पूर्वेला उभे राहताना पाहिले आहेत, त्याने हा आगगाडीचा प्रवास चुकवू नये. चीनविषयीचे अनेक समज आणि काही गैरसमज त्या पाच तासांत आपोआप तपासून निघतात.

खरी मेख मात्र खिशातल्या भ्रमणध्वनीत आहे, आणि तिच्याबद्दल पत्रके गप्प असतात. चीनमध्ये आज भाजीवाल्यापासून मंदिराच्या दानपेटीपर्यंत सारे व्यवहार अलिपे आणि वुईचॅट या दोन अॅपांवर चालतात. २०२३ पासून परदेशी कार्डेही त्यांना जोडता येतात. पण २९ जून २०२० रोजी, गलवाननंतर पंधरा दिवसांत, भारत सरकारने ज्या ५९ चिनी अॅपांवर बंदी घातली त्यांत वुईचॅट होते, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जाहीर झालेल्या ११८ अॅपांच्या यादीत अलिपे होते. दुसऱ्या बाजूने चीनच्या जाळ्यावर गुगल नाही, व्हॉट्सअॅप नाही, फेसबुक नाही. याचा अर्थ असा की आगाशीहून निघालेल्या प्रवाशाला पैसे देण्याचे साधन स्वदेशात मिळत नाही, आणि पोहोचल्याचे घरी कळविण्याचे साधन परदेशात चालत नाही. दोन राष्ट्रांच्या सुरक्षाविषयक निर्णयांचा संपूर्ण भार एका ज्येष्ठ नागरिकाच्या आंतरराष्ट्रीय रोमिंगवर येऊन पडतो. त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे परदेशी सिमकार्डावरील रोमिंगला चीनची ही भिंत बहुधा आड येत नाही, आणि रोख युआन नाकारण्यास तेथील मध्यवर्ती बँकेने दुकानदारांना मनाई केली आहे. तेव्हा सुटे युआन भरपूर घेऊन जाणे हा जुनाट भासणारा उपाय या बाबतीत अगदी रास्त आहे. संग्रहालयांची नोंदणीही पारपत्राच्या क्रमांकावर आगाऊ करावी लागते. शान्सी इतिहास संग्रहालयाचे प्रवेशपत्र मिळणे तर विशेष कठीण. हॉटेलच्या स्वागतकक्षातील मुला-मुलींची मदत घेण्यात कमीपणा मानू नये.

जेवणाचे फारसे अडत नाही. शिआन हा गव्हाचा मुलूख आहे. भाताची अपेक्षा ठेवून गेलेल्याला तेथे रोटीसारखी भाकर आणि पट्ट्यांसारखे रुंद नूडल्स भेटतात, आणि मुस्लिम वस्तीतील गल्ल्यांत जिऱ्याचा वास दरवळतो. शाकाहारी माणसाने तांदळाच्या वा गव्हाच्या थंड पट्ट्यांचा तिखट-आंबट पदार्थ मागावा, मांस नको हे चिनी लिपीत लिहून जवळ बाळगावे, आणि चार दिवसांचे थालीपीठ-भाजणीचे सामान घरून नेण्याची सवय या वेळी तरी सोडून पाहावी. एवढे पुरे.

मुंबईहून शरदाच्या तोंडाशी चीनला निघालेल्या एका जुन्या तुकडीची आठवण येथे अपरिहार्य आहे. १ सप्टेंबर १९३८ रोजी काँग्रेसने पाठविलेले पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक मुंबई बंदरातून बोटीने निघाले. पथकाचे प्रमुख डॉ. मदन अटल. त्यांच्यासोबत नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे, अठ्ठाविशीही न गाठलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. तेही उतरले कँटनमध्येच, आणि त्यानंतर पाच-सहा आठवड्यांतच ते शहर जपान्यांच्या हाती पडले. पथक पुढे सरकत फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. शिआन ज्या शान्सी प्रांताची राजधानी आहे, त्याच प्रांताच्या उत्तरेस येनान आहे. इतर परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, रुग्णालय चालविले, चिनी परिचारिकेशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि महाराष्ट्राने त्यांना त्या चित्रपटात ठेवून दिले. चीनमध्ये मात्र शिजियाझुआंग येथील त्यांच्या समाधीवर आजही फुले वाहिली जातात. बीजिंग–शिआन मार्गावरील अनेक गाड्या या शहरात थांबतात. अर्धा दिवस काढून उतरणारे मराठी प्रवासी किती असतील?

या सगळ्या बेताला एक काळी किनारही आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अरुणाचल प्रदेशात जन्मलेल्या एका भारतीय महिलेला, ती लंडनहून जपानला जात असता, शांघाय विमानतळावर सुमारे १८ तास अडकवून ठेवले गेले. कारण पारपत्रावर लिहिलेले जन्मस्थान. भारताने तीव्र निषेध नोंदविला आणि डिसेंबरात परराष्ट्र मंत्रालयाने चीनला जाणाऱ्या वा तेथून पुढे जाणाऱ्या भारतीयांना सावधगिरी बाळगण्याचा सल्ला दिला. आगाशी वा विरार हे जन्मस्थान असलेल्या प्रवाशाला हा त्रास होण्याचे कारण नाही. पण हा निष्कर्ष काढतानाच तो किती तोकडा आहे हेही ध्यानात यावे. एका देशाचे पारपत्र सर्व नागरिकांसाठी सारखेच चालले पाहिजे, ही मागणी करण्याचा अधिकार अरुणाचलच्या प्रवाशाइतकाच आगाशीच्या प्रवाशाचाही आहे. म्हणून जाऊच नये, असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याच्या रागात तथ्य आहे, उपायात नाही. २०२० ते २०२५ ही पाच वर्षे आपण गेलो नाही. त्या काळात सीमेवरचा तंटा सुटला नाही, तूट वाढली, आणि समोरच्या देशाविषयी बोलणाऱ्यांची संख्या वाढत असताना त्याला पाहिलेल्यांची संख्या घटत गेली. यातून कोणाचे हित साधले, हे अजून कोणी सांगितलेले नाही.

उलट दिशेचाही विचार करावा. चिनी पर्यटकांना भारताचा व्हिसा पुन्हा मिळू लागला आहे. समजा शिआनचे एखादे दांपत्य, ह्युएन त्संगच्या मनोऱ्याच्या सावलीत वाढलेले, बुद्धाच्या शोधात निघालेल्या त्या यात्रिकाचा देश पाहावा म्हणून मुंबईत उतरले आणि पश्चिम किनाऱ्यावरचा बौद्ध स्तूप कोठे, असे विचारू लागले. शिआनमध्ये मनोरा, विहार, ह्युएन त्संगचा पुतळा आणि त्याच्या आयुष्यावरील दालन एकाच आवारात उभे आहेत. येथे त्यांना गर्दीच्या लोकलने नालासोपाऱ्यास उतरावे लागेल आणि दाट वस्तीतून वाट काढत बुरुड राजाच्या कोटापर्यंत पोहोचावे लागेल. तेथे पुरातत्त्व खात्याचा फलक आहे आणि विटांचा ढिगारा आहे. त्या स्तूपातून निघालेली पेटी व अवशेष पाहायचे तर पुन्हा साठ किलोमीटर दक्षिणेस मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीकडे चौकशी करावी लागेल. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तेथूनही पुढे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. आणि या तीन ठिकाणांचा परस्परसंबंध चिनी, इंग्रजी वा मराठीत सांगणारी एखादी पुस्तिका त्यांनी मागितली, तर ती कोणाकडे मागावी हे नालासोपारा स्थानकावर कोणी सांगू शकणार नाही.